पंचांगशोधक केरूनाना छत्रे

मोसम नदी मालेगाव शहरातून वाहत जाते आणि जवळच गिरणेला मिळते. ह्या गावात वर्षप्रतिपदेच्या सकाळी गुढ्या उभारल्या, की नवे पंचांग उघडून त्याची पूजा करण्याची व वर्षफल ऐकण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्याच गावात रमजानचा महिना सरत आला, की सायंकाळी माणसे घरांच्या गच्च्यांवर उभी राहून पश्चिमेकडे ईदच्या चंद्राची कोर शोधताना दिसतात. एकाला चंद्र डोळ्यांनी पाहावयाचा असतो, दुसऱ्याला तो कागदावर वाचावयाचा असतो. परंतु चंद्र एकच आहे. आकाशातील सूर्य, चंद्र व ग्रह ह्यांची जी गती चालली आहे, तिचीच नक्कल पंचांगकर्ता अंकांच्या साहाय्याने कागदावर उतरवीत असतो. नक्कल खरी असेल, तर पंचांगात दिलेल्या घटकेस ग्रहणाचा स्पर्श झाला पाहिजे, आणि पंचांगात अमावास्या संपल्यानंतर योग्य वेळी कोर दिसली पाहिजे. कागदावरचा चंद्र आणि आकाशातला चंद्र ह्यांची फारकत झाली, तर दोष कोणाचा मानावयाचा? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रापुढे हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर देण्यासाठी एका शाळामास्तराने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना आदराने केरूनाना म्हणत.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२४ रोजी अलिबागजवळच्या नागाव ह्या गावी झाला. समुद्राच्या काठी नारळीपोफळींच्या बागांत वसलेले हे गाव आहे. आईबापांचे छत्र त्यांच्या डोक्यावरून लहानपणीच गेले, आणि चुलत्यांच्या आश्रयाने ते शिक्षणासाठी मुंबईस आले. त्या वेळी मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही नवीन विद्येची मोठी शाळा होती. तेथे आर्लिबार नावाचे इंग्रज अध्यापक गणित व ज्योतिष शिकवीत. पोरक्या मुलाची गणितातील गती त्यांच्या ध्यानात आली. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा केरूनाना तिशी ओलांडून गेले होते. म्हणून त्यांच्या नावापुढे कोणत्याही पदवीची अक्षरे कधी लागली नाहीत.

वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १८४० च्या सुमारास, आर्लिबार ह्यांच्या देखरेखीखाली चाललेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांना सहायकाची जागा मिळाली. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली होती. तारे पाहण्याची हौस हे काही कंपनीचे कारण नव्हते. मुंबई बंदरातून जी गलबते निघत, त्यांना अचूक वेळ पुरविणे हे वेधशाळेचे मुख्य काम होते. भर समुद्रात खलाशाला आपण पूर्वपश्चिम कोठे आहोत हे घड्याळावरूनच कळते. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी करते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश फिरते. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गलबतावरील घड्याळ चार मिनिटे चुकले, तर खलाशाचा अंदाज एवढ्या अंतराने चुकावयाचा, आणि खडकांच्या किनाऱ्यावर एवढी चूक प्राणघातक ठरावयाची. तेव्हा तारा मध्यान्हरेषेवरून जाताना पाहून घड्याळ पडताळावयाचे, ते किती पुढे आहे अथवा किती मागे आहे ह्याची नोंद ठेवावयाची, आणि शिवाय लोहचुंबकाची सुई, हवेचा दाब व उष्णता ह्यांची निरीक्षणे ठरल्या तासाला, दिवसा आणि रात्रीही, वहीत लिहावयाची, अशी तेथील शिस्त होती. ह्या शिस्तीत केरूनानांची उमेदीची सुमारे दहा वर्षे गेली. घड्याळ कितीही चांगले असले तरी ते आकाशाशी वारंवार ताडून पाहावे लागते, ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी खिळली ती येथेच.

वेळ ही स्थळाप्रमाणे बदलते, हेही तेथे रोजच्या कामात दिसत असे. मालेगाव हे मुंबईच्या पूर्वेस पावणेदोन अंशांच्या जवळपास आहे. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो त्याच्या सुमारे सात मिनिटे अगोदर तो मालेगावी माथ्यावर येतो. सात मिनिटे म्हणजे सतरा पळांहून थोडी अधिक. मुंबईस छापलेले पंचांग मालेगावी वापरावयाचे, तर जोश्याला हा फरक जमेस धरावा लागे. त्यालाच देशांतर म्हणतात. आज सर्व भारतात एकच प्रमाणवेळ चालते, त्यामुळे हा फरक सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. पण पंचांगात मात्र तो अजूनही धरावाच लागतो.

आता त्या वेळच्या पंचांगांची स्थिती काय होती, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण केरूनानांच्या कार्याचे मर्म तेथे आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे त्या वेळी गणेश दैवज्ञ ह्यांच्या ग्रंथांवरून तयार होत. गणेश दैवज्ञ हे नांदगावचे. हे नांदगाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील, मालेगावच्या शेजारचे नांदगाव नव्हे. ते मुरुड-जंजिऱ्याजवळचे, समुद्रकाठचे. केरूनानांच्या नागावाप्रमाणेच तेही आजच्या रायगड जिल्ह्यात येते. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव नावाचा ग्रंथ रचला. त्यापूर्वीच्या सिद्धांतग्रंथांप्रमाणे ग्रहांचे स्थान काढावयाचे, तर युगाच्या आरंभापासून किती दिवस लोटले ते प्रथम मोजावे लागे. ह्या दिवससंख्येला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर गणेश दैवज्ञांच्या काळी ही संख्या सतरा लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार प्रत्येक ग्रहासाठी करीत बसणे हे खेड्यापाड्यातील जोश्याच्या आवाक्याबाहेरचे होते. गणेश दैवज्ञांनी एक चतुर युक्ती काढली. त्यांनी अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पिले. एक चक्र पुरे झाले, की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयाची, आणि एका चक्रात प्रत्येक ग्रहाच्या स्थानात जो ठराविक फरक पडतो तो तेवढा वजा करावयाचा. त्यामुळे दिवसांचा आकडा कधीच फुगत नाही. ज्या, कोटिज्या ह्यांचे अवघड गणितही त्यांनी टाळले. पाटी आणि साधी अंकगणिती रीत एवढ्यावर पंचांग होऊ लागले. त्यामुळे हा ग्रंथ देशभर पसरला.

परंतु सोयीची किंमत कोठे तरी द्यावी लागतेच. चक्राच्या शेवटी वजा करावयाचा जो ठराविक आकडा असे, त्यात अगदी बारीक अपूर्णांक सोडून दिलेले असत. एका चक्रात त्याने काही बिघडत नाही. पण केरूनानांच्या काळापर्यंत अशी तीस चक्रे उलटून गेली होती, आणि प्रत्येक चक्रात सोडलेला चिमूटभर अंश साचत साचत मुठीएवढा झाला होता. शिवाय मूळ मानेही पूर्ण शुद्ध नव्हती. सूर्यसिद्धांतातील वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे आणि सुमारे ३७ सेकंदांचे आहे. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी येण्यास लागणारा खरा काळ ह्याहून साडेतीन मिनिटांनी कमी आहे. वर्षाकाठी साडेतीन मिनिटे ही चूक कोणाच्या डोळ्यांत भरणार? परंतु सतरा वर्षांत ती एका तासाची होते आणि चारशे वर्षांत एका दिवसाची. तीच गोष्ट अयनचलनाची. संपातबिंदू दर वर्षी किंचित मागे सरकतो. ग्रहलाघवात ही गती वर्षाला एक कला, म्हणजे साठ विकला धरली आहे; ती वास्तविक पन्नास विकलांच्या थोडी वर आहे. ह्या सर्वांचा परिणाम असा झाला, की पंचांगातील तिथीच्या समाप्तीत काही घटिकांचा आणि ग्रहांच्या स्थानात काही अंशांचा फरक पडू लागला.

गणेश दैवज्ञांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. ते व त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे दोघेही स्वतः वेध घेणारे होते. जुन्या सिद्धांतांपैकी ज्या ग्रहाचे ज्या सिद्धांतातील गणित आकाशाशी जुळले, तेच त्यांनी स्वीकारले. चूक झाली ती पुढील लोकांची. त्यांनी ग्रंथ घेतला, पण ग्रंथकाराची आकाशाकडे पाहण्याची सवय टाकून दिली.

ही अडचण केवळ जुन्या पोथीची आहे असे समजण्याचे कारण नाही. आजच्या काळात संगणकावर अशा आज्ञावली तयार करतात, की एक यंत्र दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करते. जुनी, बंद पडलेली यंत्रे अशा रीतीने पुन्हा चालती होतात, आणि ह्यांपैकी पुष्कळ आज्ञावली सर्वांना वाचता याव्यात, दुरुस्त करता याव्यात, म्हणून उघड्या ठेवलेल्या असतात. त्यांतही नाजूक भाग असतो तो काळ मोजण्याचा. मूळ यंत्राचे घड्याळ एका लयीत चालते आणि नक्कल करणाऱ्या यंत्राचे दुसऱ्या लयीत. एकाचे ठोके दुसऱ्याच्या ठोक्यांत बसविताना दर वेळी एखादा अपूर्णांक उरतो. तो टाकून दिला, तर थोड्याच वेळात आवाज आणि चित्र ह्यांचा मेळ तुटतो. मग काळाचा हिशेब मुळापासून फिरवावा लागतो. मागल्या चुकीवर पुढची बेरीज न करता प्रत्येक वेळी एका स्थिर आरंभापासून मोजावयाचे आणि उरलेला अंश जपून ठेवावयाचा, असा त्याचा उपाय असतो. केरूनानांपुढे जे यंत्र होते ते मात्र कोणा माणसाने घडविलेले नव्हते, आणि त्याची नक्कल बिघडली तर बिघाड लोकांच्या देवघरात आणि लग्नघरात शिरत असे.

तो कसा, हे तिथीवरून समजेल. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती सर्वसाधारणपणे त्या दिवसाची मानतात. समजा, गणिताप्रमाणे दशमी सूर्योदयानंतर दोन घटिकांनी संपते, पण आकाशात ती सूर्योदयापूर्वीच संपलेली आहे. मग एकादशीचा उपवास आज करावयाचा की उद्या? वडिलांचे श्राद्ध कोणत्या दिवशी? घटिकापात्र पाण्यात सोडून, ते बुडेल त्या क्षणी अंतरपाट दूर करणारी माणसे ती. ज्यांनी विवाहाचे पळ न् पळ मोजले, त्यांचा मूळ आकडाच दोनचार घटिकांनी चुकलेला असावा, ही गोष्ट केरूनानांसारख्या काटेकोर माणसाला सहन होण्यासारखी नव्हती.

१८५१ साली ते पुण्यास आले, आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापक झाले. दिवसा अध्यापन आणि मग गणित, असा त्यांचा क्रम सुरू झाला. युरोपात दुर्बिणीच्या वेधांवरून सूर्य, चंद्र व ग्रह ह्यांच्या गतीची जी नवीन कोष्टके झाली होती, त्यांचा अभ्यास करून, त्यांतील माने आपल्या शक, मास, तिथी ह्या पद्धतीत बसवून त्यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम किती कष्टाचे होते, ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे. बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र हाताशी नाही. प्रत्येक आकडा हाताने मांडावयाचा, हाताने पडताळावयाचा, आणि छापखान्यात खिळा चुकला तर तो पुन्हा शोधावयाचा. त्या ग्रंथाचा विशेष असा, की तो मराठीत होता. हे ज्ञान इंग्रजी जाणणाऱ्या चारदोन लोकांपुरते न ठेवता त्यांनी ते जोश्यांच्या हाती दिले. ज्याला शंका असेल त्याने कोष्टक उघडावे, गणित करावे, आणि रात्री अंगणात जाऊन ग्रह तेथे आहे की नाही ते पाहावे. कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याची त्यात आवश्यकता नव्हती.

ग्रंथ झाला, पण ग्रंथाने पंचांग बदलत नाही. म्हणून शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, केरूनानांनी नव्या गणिताचे पंचांगच छापण्यास आरंभ केला. ह्या कामी आबासाहेब पटवर्धन ह्यांचे त्यांना साहाय्य झाले. म्हणून ते पंचांग पटवर्धनी पंचांग ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. स्वतःचे नाव त्याला लावण्याचा मोह केरूनानांनी धरला नाही.

येथे त्यांना एक फार मोठा निर्णय करावा लागला. राशिचक्र हे वर्तुळ आहे. वर्तुळाला आरंभ नसतो, तो कोठे तरी मानावा लागतो. आपल्या परंपरेत रेवती नक्षत्राच्या शेवटी अश्विनीचा आरंभ मानतात. परंतु आकाशात रेवतीचा नेमका तारा कोणता? केरूनानांनी मीन राशीतील एक अंधुक तारा रेवतीचा योगतारा म्हणून निश्चित केला आणि तेथून मोजणी सुरू केली. तो तारा आकाशात खराखुरा दिसतो, वेध घेऊन तो पडताळता येतो, ही त्या निवडीमागची जमेची बाजू. अडचण अशी, की त्यामुळे चालत आलेल्या पंचांगांपेक्षा राशींचा आरंभ सुमारे चार अंशांनी बदलला. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो. म्हणून पटवर्धनी पंचांगात मकरसंक्रांत इतरांपेक्षा सुमारे चार दिवस अगोदर येऊ लागली. संक्रांती हलल्या की अधिक मासही हलतो, कारण ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. एका पंचांगात अधिक मास एक, तर दुसऱ्यात दुसरा. अशा वर्षी गणेशचतुर्थीसारखा सण एका घरी महिनाभर आधी आणि शेजारच्या घरी महिनाभर नंतर होऊ लागला.

लोकांनी हे सहज मान्य केले नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असेही नाही. सण हा एकट्याने करावयाचा नसतो. गाव आज संक्रांत करीत असता आपण चार दिवस आधी तीळगूळ वाटावा, हे कोणाला रुचणार? तिथी किती घटिकांनी वाढावी व किती घटिकांनी घटावी ह्याचे धर्मशास्त्रातील जुने संकेत नव्या गणिताने मोडतात, असाही आक्षेप ह्या वादात येत असे. ही झाली जुन्या मताची बाजू. दुसऱ्या बाजूने विसाजी रघुनाथ लेले ह्यांच्यासारखे ज्योतिषी उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की शुद्धीच करावयाची तर ती अर्धवट का? ऋतू सूर्याच्या संपातापासून होतात, तेव्हा ताऱ्याचा नाद सोडून सायन पंचांगच का स्वीकारू नये? वर्तमानपत्रांतून वाद झडले. एका पक्षाला केरूनाना फार पुढे गेलेले वाटत, दुसऱ्याला फारच थोडे. पंचांग विकत घेणारे लोक थोडे होते. तरीही त्यांनी ते बंद केले नाही. दर वर्षी पुन्हा आकडे मांडले, पुन्हा छापले. बारा महिन्यांचे संपूर्ण गणित दर वर्षी नव्याने करणे आणि ते फार थोडे लोक वापरणार आहेत हे ठाऊक असणे, ह्याला कसले मन लागत असेल ते ज्याने त्याने ओळखावे.

शिक्षक म्हणून मात्र त्यांना लोकांचे उदंड प्रेम लाभले. पदवी नसतानाही ते पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. शाळांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. भरती-ओहोटी, सूर्यावरील डाग आणि त्यांचा हवामानाशी असलेला संबंध, असे विषयही त्यांच्या चिंतनात असत. डेक्कन कॉलेजातील त्यांच्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक हा एक तरतरीत तरुण होता. टिळकांची गणितातील बुद्धी त्यांनी ओळखली, आणि टिळकांनीही जन्मभर त्यांना गुरू मानले. १८७७ साली सरकारने केरूनानांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले. १९ मार्च १८८४ रोजी, साठीच्या उंबरठ्यावर असता, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचे सायन पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मालेगावापासून आग्रारस्त्याने जवळच असलेल्या धुळ्यात काही काळ शिक्षक होते. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात दीक्षितांनी केरूनानांच्या ग्रंथाची आणि पंचांगाची दखल घेतली आहे. मतभेद असूनही ती घेतली, हे विशेष.

केरूनानांचे काम पुढे टिळकांनी हाती घेतले. राजकारणाच्या धामधुमीतून सवड काढून त्यांनी पंचांगशोधनाचा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला. १९०४ साली मुंबईत, १९१७ साली पुण्यात आणि १९२० साली सांगलीत त्यासाठी परिषदा भरल्या. केरूनानांचा रेवतीचा तारा टिळकांनी मान्य केला. ह्याच मताचे पंचांग पुढे टिळक पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु व्यंकटेश बापूजी केतकर ह्यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञाने आरंभबिंदूसाठी दुसरा पक्ष धरला. चित्रा हा ठळक तारा आहे. त्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानावा, असे ते म्हणत. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ साली आला, आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सणांच्या गणितासाठी समितीने आरंभबिंदू घेतला तो चित्रापक्षाला जवळचा.

आज महाराष्ट्रात घरोघरी जी पंचांगे व दिनदर्शिका दिसतात, त्यांतील तिथी आणि ग्रहस्थिती आकाशाशी जुळणाऱ्या गणितानेच दिलेल्या असतात. ग्रहणाची वेळ पाहून कोणी अंगणात उभा राहिला, तर त्याला ग्रहण त्याच मिनिटाला लागलेले दिसते. केरूनानांच्या पटवर्धनी पंचांगाचा हा अर्धा भाग सर्वांनी घेतला. कोणाकडून घेतला हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दुसरा अर्धा, रेवतीच्या ताऱ्याचा, तेवढा मागे राहिला. टिळक पंचांग मानणाऱ्या थोड्या घरांत आजही मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होते, आणि गावात इतरत्र ती १४ अथवा १५ तारखेला होते. कुलाब्याच्या ज्या वेधशाळेत केरूनाना सोळाव्या वर्षी लागले, तेथील चुंबकीय निरीक्षणांचे काम मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर, सुईवर त्यांचा परिणाम होऊ नये म्हणून, १९०४ साली दुसरीकडे हलविण्यात आले. त्यासाठी निवडलेली जागा अलिबागला होती; तेथून नागाव थोड्याच अंतरावर आहे.